खांद्यावरचं बोट

कारखान्यात त्यांना सगळे वैद्यबुवा म्हणत. आमचा कारखाना पाण्याच्या पंपांचा. जुळणी झालेला पंप शेवटी आमच्या चाचणी विभागात येतो. तो टाकीवर चढवायचा, चालू करायचा, दाब बघायचा, कुठे गळतोय का बघायचं. एवढं काम कुणीही करील. वैद्यबुवा मात्र हातात एक लोखंडी सळई घ्यायचे, तिचं एक टोक चालत्या पंपाला टेकवायचे, दुसरं कानाजवळच्या हाडाला, आणि डोळे मिटून जरा वेळ उभे राहायचे. मग म्हणायचे, "मागचं बेअरिंग. उघडा." उघडलं की मागचंच बेअरिंग निघायचं. एकदा मोठ्या साहेबांनी गंमत म्हणून धडधाकट पंप त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, हा सारखा कुरकुर करतो. वैद्यबुवांनी सळई लावली, काढली, आणि म्हणाले, "ह्याला काही झालेलं नाही साहेब. ह्याला सुट्टी हवीय."

मी त्यांच्या शेजारच्या टाकीवर. त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. जे काही शिकलो ते त्यांच्याकडून.

त्यांचं घर कारखान्यापासून सव्वीस किलोमीटरवर, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. पाळी सकाळी सातची. कंपनीची बस त्यांच्या बाजूला जात नव्हती, म्हणून ते स्कूटरवर येत. राखाडी रंगाची जुनी स्कूटर, डाव्या बाजूला पोचा आलेला, पण चालू व्हायला दुसरी किक लागत नसे. एकोणीस वर्षं ते त्या एका रस्त्यानं आले आणि गेले. उड्डाणपूल, मग गोदामांची रांग, मग हमरस्ता, आणि शेवटी कारखान्याच्या फाटकाकडे वळणारा डांबरी तुकडा. वेग कधी चाळिशीच्या वर नाही. आम्ही चेष्टा करायचो, की वैद्यबुवांना सायकलवालेही हॉर्न देतात. ते म्हणायचे, "देऊ देत. मला पोचायचंय, जिंकायचं नाही."

फाटकावर एक वयस्क वॉचमन होता. त्याला लहानथोर सगळे मामा म्हणत. वैद्यबुवा फाटकाशी आले की मामा हात वर करायचा, वैद्यबुवा मान हलवायचे. कधी थांबून दोन शब्द बोलायचे. एवढीच दोघांची ओळख, पण एकोणीस वर्षांची.

काहीतरी बिनसलंय हे मला पहिल्यांदा चहाच्या वेळी जाणवलं. वैद्यबुवा किटलीतून माझ्या कपात चहा ओतत होते आणि तो कपाच्या बाजूला टेबलावर पडत होता. मी कप सरकवला. ते हसले, "हात थरथरतोय रे आता." पण हात थरथरत नव्हता. मग ते हातगाडीला धडकायला लागले. माल वाहणाऱ्या लोखंडी हातगाड्या आमच्याकडे दिवसभर इकडून तिकडे जातात. त्यांची मांडी, कोपर, खांदा कशाला ना कशाला लागायचा. समोरून येणारा माणूस त्यांना नीट दिसायचा, बाजूनं येणारा दिसायचा नाही. बोलताना मान सारखी इकडून तिकडे वळवायचे, कोंबडी दाणे टिपताना वळवते तशी. पोरांनी त्याची नक्कलही सुरू केली. मीही हसलो, हे लपवत नाही.

त्याच सुमारास माझी मोटारसायकल दुरुस्तीला गेली होती. मला शहरातल्या चौकापर्यंत जायचं होतं. वैद्यबुवा म्हणाले, "बस मागे, सोडतो." मी बसलो. हमरस्त्यावर डावीकडच्या पेट्रोल पंपातून एक टँकर निघाला. तो सरळ रस्त्यावर येत होता आणि वैद्यबुवा त्याच चालीनं पुढे जात होते. मला वाटलं आता ब्रेक लावतील, आता लावतील. नाही लावला. मी ओरडलो, "टँकर!" तेव्हा त्यांनी मान वळवली आणि स्कूटर उजवीकडे घातली. टँकरचं चाक माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावरून गेलं.

चौक यायच्या आधीच मी म्हणालो, "इथेच उतरतो, थोडं काम आहे." काम काही नव्हतं. ते म्हणाले, "बरं." मग मान वळवून, मला शोधल्यासारखं करून म्हणाले, "ऊन डोळ्यावर होतं रे." ऊन तेव्हा आमच्या पाठीवर होतं.

मी उतरलो तो कानाला खडा लावून, की पुन्हा ह्यांच्या मागे बसायचं नाही. त्यांना थांबवायचं, हे मात्र माझ्या मनात आलं नाही. किंवा आलं, पण मी ते पुढे ढकललं. मोठ्या माणसाला काय सांगायचं, आणि सांगून त्यांची नोकरी गेली तर, असं काहीबाही.

दोन महिन्यांनी एक नवलच झालं. वैद्यबुवांच्या स्कूटरवर मागे वहिनी दिसायला लागल्या. रोज सकाळी दोघं यायची. कारखान्यासमोर रस्त्यापलीकडे रोपांची नर्सरी होती, तिथं वहिनींनी काम धरलं होतं. काळ्या पिशव्यांमध्ये माती भरायची, त्यात रोप लावायचं, रांगेत मांडून ठेवायचं. दिवसभर उकिडवं बसून. आम्हाला तर विषयच मिळाला. "लग्नाला सव्वीस वर्षं झाली आणि आता कुठे फिरायला नेताय वहिनींना?" वैद्यबुवा म्हणायचे, "मी कुठे नेतोय, तीच पाठ सोडत नाही." वहिनी पदरानं तोंड पुसत हसायच्या. त्यांच्या नखांत माती असायची.

खरं काय ते मला पुष्कळ नंतर वहिनींनी सांगितलं.

वैद्यबुवांना काचबिंदू झाला होता. दोन्ही डोळ्यांना. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी एका मशीनसमोर बसवून तपासलं आणि कागदावर दोन गोल छापून आले. गोलांच्या कडा काळ्या, मध्ये थोडीशी पांढरी जागा. बाई म्हणाल्या, "एवढं शिल्लक आहे. जे गेलं ते परत येत नाही. थेंब नेमानं घातले तर आहे ते काही दिवस टिकेल." मग त्यांनी विचारलं, "गाडी चालवता?" वैद्यबुवा म्हणाले, "नाही." वहिनी शेजारी बसल्या होत्या. बाहेर स्कूटर उभी होती. त्या काहीच बोलल्या नाहीत.

घरी आल्यावर बोलल्या. बसनं जा म्हणाल्या. त्यांनी स्वतः एकदा जाऊन बघितलं होतं. पहिली बस पावणेसहाला, ती मधल्या आगारात सोडते. तिथून दुसरी, तिची वेळ नक्की नाही. ती हमरस्त्यावर उतरवते आणि मग तीन किलोमीटर चालत. कितीही जीव तोडला तरी पोचायला नऊ. मुलगी लग्न होऊन दूर गेलेली. कारखान्याजवळ घर बघावं तर तिथं गोदामं आणि ट्रकचे तळ, राहती वस्ती नाही. वैद्यबुवा म्हणाले, "रस्ता मला पाठ आहे." वहिनी म्हणाल्या, "रस्ता पाठ आहे, रस्त्यावरची माणसं पाठ आहेत का?"

मग वहिनीच मागे बसू लागल्या. दोघांनी खुणा ठरवल्या होत्या. डाव्या खांद्यावर बोट टेकवलं की डावीकडून काहीतरी येतंय. उजव्या खांद्यावर टेकवलं की उजवीकडून. पाठीवर पंजा ठेवला की थांब. वैद्यबुवा समोरचं बघायचे, वहिनी दोन्ही बाजूंचं. रोज सव्वीस किलोमीटर जाताना, सव्वीस येताना. "पहिले आठ दिवस मी श्वास घेतला की नाही तेही आठवत नाही," असं त्या मला म्हणाल्या. "घरी येऊन बघायची, तर बोट आखडलेलं असायचं. पेला धरता यायचा नाही." आणि मधल्या वेळेत माती भरायची. पिशव्या भरता भरताही गाड्यांचा आवाज आला की त्यांचं बोट आपोआप उचललं जायचं. नर्सरीतल्या बायकांना वाटायचं, ही काहीतरी मोजतेय.

असं दीड वर्ष चाललं.

मग वहिनींना ताप आला. एकशेतीनच्या वर गेला. वैद्यबुवांनी दोन दिवस रजा घेतली. तिसऱ्या दिवशी कारखान्यात बाहेरचे तपासनीस येणार होते. ऐंशी पंपांची मागणी होती, एकेक पंप त्यांच्यासमोर चालवून दाखवायचा होता. आदल्या दिवशी साहेबांनी स्वतः वैद्यबुवांना फोन केला. साहेबांनी फोन करायच्या आधी मला विचारलं होतं, "तू सांभाळशील का?" मी म्हणालो, "वैद्यबुवा असले तर बरं होईल." हे मी खरंच म्हणालो. आजही तो शब्द परत घेता आला असता तर, असं वाटतं.

सकाळी वहिनी अंथरुणातून उठून दारात येऊन उभ्या राहिल्या. जाऊ नका म्हणाल्या. ते म्हणाले, "आजचा दिवस. हळू जातो." त्या पायरीवरच बसल्या. स्कूटरचा आवाज गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत ऐकत राहिल्या.

ते हळू आले. उड्डाणपूल, गोदामं, हमरस्ता, सगळं पार केलं. सव्वीस किलोमीटरमध्ये कुणाला धक्का लागला नाही. मग फाटकाकडे वळले. इथे आल्यावर त्यांनाही हायसं वाटलं असणार. आतून एक ट्रक बाहेर येत होता, म्हणून मामा फाटकाचा लोखंडी आडणा उचलायला डावीकडच्या खांबाशी गेला होता. रोज तो उजवीकडे, केबिनच्या दाराशी उभा असायचा. वैद्यबुवांनी उजवीकडे बघून सवयीनं मान हलवली आणि ट्रकला जागा द्यायला स्कूटर डावीकडे घेतली.

मी तेव्हा पाच-सहा पावलांवर, हजेरीच्या रांगेत होतो. आवाज ऐकला. मामाचा पाय स्कूटर आणि खांब यांच्यामध्ये सापडला होता. गुडघ्यावर.

आम्ही धावलो, स्कूटर ओढली. मामा खांबाला टेकून खाली बसला होता. चेहरा राखेसारखा झालेला, पण शुद्ध होती. वैद्यबुवा जमिनीवर गुडघे टेकून त्याच्यापुढे बसले आणि हात पुढे करून चाचपत होते. मामा त्यांच्याकडे बघत राहिला. त्याला दुखण्यापेक्षा नवल जास्त वाटत होतं.

"अरे, मी इथेच उभा होतो," तो म्हणाला. "हात वर केला होता मी. ओरडलो पण, ट्रकच्या आवाजात ऐकू आलं नसेल."

"दिसलं नाही मामा."

"दिसलं नाही म्हणजे काय? एवढा मोठा माणूस मी!"

"मला दिसत नाही," वैद्यबुवा म्हणाले. "बाजूचं काहीच दिसत नाही. दोन वर्षं होत आली."

रांगेत चाळीस-पन्नास माणसं होती. मी खाली बघत होतो. मला त्यातलं निदान अर्धं तरी माहीत होतं, आणि हे वैद्यबुवांना माहीत होतं. तरी त्यांनी माझ्याकडे मान वळवली नाही.

मामाच्या गुडघ्याची वाटी चार ठिकाणी फुटली होती. शस्त्रक्रिया झाली, तारा घातल्या, पण पाय पुन्हा वाकला नाही. पोलीस इस्पितळात आले तेव्हा मामानं सांगितलं, "माझाच पाय घसरला, मी गाडीखाली गेलो." त्यामुळे वैद्यबुवांवर काही आलं नाही. मी त्यांना म्हणालो, "मामानं मोठं मन दाखवलं." ते म्हणाले, "त्यानं खरं सांगितलं असतं तर बरं झालं असतं रे. काहीतरी भोगून मोकळा झालो असतो."

वहिनी बऱ्या झाल्यावर दोघं मामाकडे गेली. मामा खाटेवर पाय सरळ करून बसला होता. चहा झाला, तब्येतीचं बोलणं झालं. निघताना मामा म्हणाला, "मी रोज हात वर करायचो तेव्हा तरी दिसायचो ना?" वैद्यबुवा हो म्हणाले. त्यानंतर मामा फाटकावर परत आला नाही. ताठ पायाचा वॉचमन कोण ठेवणार? तो गावाकडे भावाजवळ राहायला गेला.

वैद्यबुवांची नोकरी जाऊ नये म्हणून आमच्या कामगार अधिकाऱ्यांना मी जाऊन भेटलो. म्हटलं, "साहेब, वैद्यबुवांचं काम डोळ्यांचं नाही, कानांचं आहे. दाबाचा काटा मी वाचतो, सळई ते लावतील." अधिकारी माणूस वाईट नव्हता. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "ते मलाही कळतं. काम ते बसल्या जागी करतील. पण कामावर येणार कसे?"

वैद्यबुवांनी स्कूटरला हात लावणार नाही असं लिहून दिलं आणि कामावर राहिले. तीन आठवडे दोन बसगाड्या आणि चालणं करून बघितलं, वहिनींचा हात धरून, हमरस्त्याच्या कडेनं. रोज नऊ, सव्वानऊ. पाळी सातची.

मधे वहिनींनी आणखी एक करून बघितलं. त्या स्कूटर शिकायला लागल्या. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी. घरामागच्या मैदानात संध्याकाळी त्या हँडल धरून बसायच्या आणि वैद्यबुवा मागून सीट धरून धावायचे. वहिनी ओरडायच्या, "सोडू नका!" ते ओरडायचे, "पुढे काय आहे?" त्या म्हणायच्या, "मला काय विचारता, तुम्ही शिकवताय ना!" दोघांना इतकं हसू यायचं, की स्कूटर थांबवावी लागायची. त्या म्हणाल्या, तेवढेच दिवस बरे गेले. नवव्या दिवशी स्कूटर मैदानाच्या भिंतीवर गेली. वैद्यबुवांना भिंत दिसली नव्हती, वहिनींना ब्रेक सापडला नव्हता. वहिनींचं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तरी त्या हातात मूठ पिळायचा जोर परत आला नाही, म्हणजे स्कूटर चालवणं कायमचं संपलं. नर्सरीचं कामही सुटलं.

मग मी म्हटलं, मी आणतो. माझं घर कारखान्यापासून अकरा किलोमीटरवर, पण वेगळ्या दिशेला. वैद्यबुवांना घ्यायचं म्हणजे सगळं शहर ओलांडून जायचं आणि परत यायचं. पहाटे पावणेपाचला उठायचो. ते गल्लीच्या तोंडाशी डबा घेऊन तयार उभे असायचे. एकोणीस वर्षं स्कूटर चालवलेल्या माणसाला मागे बसता येत नव्हतं. वळणावर माझ्या उलट झुकायचे, गाडी डगमगायची. हात कुठे ठेवावा ते कळायचं नाही. कधी माझ्या खांद्यावर ठेवायचे आणि भाजल्यासारखा उचलून घ्यायचे.

चार महिने मी हे केलं. शेवटी शेवटी मला उशीर होऊ लागला. घरात कुरबुर सुरू झाली, मुलाला शाळेत सोडायला कुणी नव्हतं, माझी कंबर धरली. कारणं खरी होती. पण कारणं खरी असली तरी मी थकलो होतो, हेही खरं. एकदा सकाळी मी वीस मिनिटं उशिरा गेलो. ते मागे बसले नाहीत. गाडीच्या दिव्यावर हात ठेवून उभे राहिले.

"उद्यापासून येऊ नकोस," ते म्हणाले.

"अहो, उशीर झाला एक दिवस..."

"त्याचं नाही रे. तुझ्या गाडीचा आवाज आला की मला वाटतं, ह्याची झोप मी खाल्ली. रोज सकाळी पहिलं तेच मनात येतं. तू थांब. मीच थांबवतोय, तू थांबवत नाहीयेस."

मी नाही म्हणालो. दोनदा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणायला हवं होतं. ते माझ्या चेहऱ्याकडे अगदी समोरून, त्या उरलेल्या पांढऱ्या जागेतून बघत होते, आणि मला सुटल्यासारखं वाटलं ते त्यांना दिसलं असणार. त्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला.

आता आमच्याकडे कंपनं मोजणारं यंत्र आलंय. पंपाला एक चुंबक चिकटवायचा आणि पडद्यावर आकडा वाचायचा. मी आकडा वाचतो आणि वहीत लिहितो.

मागच्या वर्षी वहिनी मला बसथांब्यावर भेटल्या. कुणाच्यातरी घरी म्हाताऱ्या बाईंना सांभाळायला जातात. मी मोटारसायकल कडेला घेतली. वैद्यबुवांची चौकशी केली. म्हणाल्या, उजवा डोळा पूर्ण गेला, डाव्यात खिडकीचा उजेड तेवढा कळतो. बाहेर यायचं नाव घेत नाहीत. गॅलरीतसुद्धा येत नाहीत.

"सकाळी पाचला उठतात," त्या म्हणाल्या. "अंघोळ करतात, पँट-शर्ट घालतात, बूट चढवतात. मग खुर्चीवर बसून राहतात. सात वाजले का विचारतात. वाजले म्हटलं की बूट काढतात आणि परत झोपतात."

"काही म्हणत नाहीत?"

"नाही. आणि मीही विचारत नाही. विचारून करू काय?"

त्यांची बस आली. चढता चढता म्हणाल्या, "घरी येऊन जा एकदा. तुमचं नाव काढतात."

मी म्हणालो, "येतो, ह्या रविवारी येतो."

ह्याला सात महिने झाले. मी अजून गेलेलो नाही.